आबांसोबत इन्सुलेटरच्या गावी

गुरुवार : कव्हिंग्टन, मग मन्सी

कव्हिंग्टनला आता बघण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, हे मी आबांना आधीच सांगून ठेवलं होतं. पण वीज मंडळात सगळी हयात लाइनवर काढलेला माणूस. कुठलंही काम खांब नंबर एकपासूनच सुरू करणार. "इन्सुलेटरचा कारखाना जिथं वाढला ते गाव आधी, बाकीचं मागनं," म्हणाले. त्यामुळे कोलंबसहून पहाटे निघून आय-७१ महामार्गानं आधी दक्षिणेला सिनसिनाटी, तिथून ओहायो नदी ओलांडून केंटकीतलं कव्हिंग्टन आणि मग उलटं फिरून उत्तरेला इंडियानातलं मन्सी, असा वाकडा रस्ता ठरला.

निघालो होतो काचेच्या इन्सुलेटरांच्या मागावर. तारेतला प्रवाह खांबात उतरू नये म्हणून तारायंत्राच्या आणि टेलिफोनच्या खांबांवर आडव्या लाकडी दांड्यावर ओळीनं बसवलेले असायचे ते. उपडी घातलेली जाड काचेची वाटी म्हणा, आतून आटे पाडलेले, बाहेरून तार बसायला गोल खाच. अमेरिकेत शंभरेक वर्षांत हे कोट्यवधी निघाले असतील. निळसर हिरवे, गडद निळे, जांभळे, तपकिरी, बिनरंगाचे. रुळांकडेच्या उघड्या तारा निघाल्या तसे हे भंगारात गेले, शेतकऱ्यांच्या गोठ्यांत गेले, आणि काही माझ्यासारखीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन बसले. आबा कराडहून आले तेव्हा ती खिडकी बघून पहिलं वाक्य बोलले ते असं : "हे पिन इन्सुलेटर तू शोभेला मांडलेस? आमच्या सबस्टेशनच्या मागं ढीग पडायचा." पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता एकेक उचलून, उलटा करून आतले आटे बघत बसले होते. तेव्हाच ही सहल ठरली असं समजा.

सिनसिनाटी आणि कव्हिंग्टनमधला जॉन रोबलिंगचा झुलता पूल आम्ही चालत ओलांडला. १ जानेवारी १८६७ ला तो रहदारीला खुला झाला तेव्हा त्याचा १,०५७ फुटांचा मधला गाळा जगात सर्वांत लांब होता. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा आराखडा याच माणसाचा, पण तो पूल नंतरचा. आबांनी खालच्या नदीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मान वर. केबल कुठून येते, कुठं गाडलीय, ताण कशावर येतो, एवढंच चाललं होतं.

पलीकडच्या काठावर बाकावर बसून मी त्यांना हेमिंग्रेची गोष्ट सांगितली. रॉबर्ट हेमिंग्रेनं १८४८ मध्ये सिनसिनाटीत भागीदारीत काचेचा कारखाना काढला आणि काही वर्षांतच तो नदीपलीकडे कव्हिंग्टनला आणला. तो काळ तारायंत्राचा. २४ ऑक्टोबर १८६१ ला सॉल्ट लेक सिटीत दोन्हीकडून आलेल्या तारा जोडल्या गेल्या आणि अमेरिकेचे दोन किनारे तारेनं बांधले गेले. पण त्या वेळच्या इन्सुलेटरांना आटे नव्हते. आत गुळगुळीत भोक, लाकडी खुंटीवर नुसतं दाबून बसवायचं. वाऱ्यानं तार हलली, थंडीत आखडली की इन्सुलेटर खुंटीवरून निघून वर. २५ जुलै १८६५ ला लुई कॉव्हेटला आतून आटे पाडायचं पेटंट मिळालं आणि ही कटकट मिटली. ते हक्क पुढे ब्रुकलिनच्या ब्रुकफिल्ड कंपनीकडे गेले. हेमिंग्रेनं १९ डिसेंबर १८७१ ला आट्यांसकट इन्सुलेटर साच्यात दाबून काढायच्या पद्धतीचं आपलं पेटंट घेतलं. जुन्या हेमिंग्रेवर ही तारीख उठावाच्या अक्षरांत असते. बोट फिरवलं की लागते.

"खुंटी लाकडाची, हे बरोबर केलं," आबा म्हणाले. "लोखंड आणि काच उन्हात सारखी फुगत नाहीत. थेट लोखंड घातलं तर काच तडकणार. आमच्या पिनला म्हणून डोक्यावर शिशाचा आटा असतो. शिसं मऊ, ते सोसून घेतं." मी इतकी वर्षं हे ठोकळे जमवतेय, पण शिशाच्या टोपीची ही गोष्ट मला नदीकाठच्या त्या बाकावर कळली.

दुपारी आय-७४ धरून इंडियानात शिरलो. दोन्ही बाजूंना वाळत आलेला मका, पिवळं पडलेलं सोयाबीन, आणि रस्त्याकडेनं लाकडी खांब. या खांबांवरून आबांचं आणि माझं रोज होतं. एवढा श्रीमंत देश, आणि खांब लाकडाचे! आपल्याकडे सिमेंटचे पोल, त्याआधी जुन्या रुळांचे. इथे लाकूड मुबलक, त्याला टिकाऊपणाचं औषध पाजलेलं असतं, शिवाय लाकूड स्वतःच वीज फारशी वाहू देत नाही, हे सगळं त्यांना माहीत आहे. तरीही पटत नाही. मन्सीत मोटेलवर पोहोचलो तेव्हा पार्किंगमधल्या खांबाला त्यांनी हातातल्या किल्लीनं ठोकून पाहिलं. आवाज भरीव आला. "चांगलाय," एवढंच म्हणाले.

शुक्रवार : कोकोमोची भट्टी

मन्सीहून कोकोमोला जाताना अलेक्झांड्रिया, एलवूड अशी लहान लहान गावं लागतात. विटांच्या दुमजली इमारती, निम्म्या दुकानांना कुलपं. एवढ्या आडगावांत एके काळी एवढी बांधकामं कशी झाली, त्याचं उत्तर जमिनीखाली होतं. १८८६ मध्ये मन्सीच्या उत्तरेला ईटन गावात नैसर्गिक वायू लागला आणि या पट्ट्यात झुंबड उडाली. एका गावानं तर आपलं नावच बदलून गॅस सिटी करून घेतलं. काचेच्या भट्टीला रात्रंदिवस जळण लागतं, त्यामुळे काचवाले सगळ्यांत आधी धावले. मन्सीनं बफेलोच्या पाच बॉल बंधूंना फुकट गॅस आणि जमीन देऊ केली. बरण्यांवर ज्यांचं नाव असतं तेच हे. पाठोपाठ १८८८ मध्ये हेमिंग्रेनं इथं कारखाना बांधला. आणि गॅसचं काय केलं लोकांनी? मशाली पेटवून ठेवल्या. भर दिवसासुद्धा. पाइपाच्या तोंडाशी ज्वाळा, बघायला माणसं, वर्तमानपत्रांत कौतुक. विसावं शतक उजाडल्यावर काही वर्षांतच दाब उतरला आणि हा खेळ संपला. बरेच कारखाने गेले. हेमिंग्रे आणि बॉल टिकले.

आबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "फुकटचं मिळालं की माणूस वीजपण अशीच जाळतो." कृषिपंपांच्या बिलांवर त्यांची ठाम मतं आहेत. ती इथे देत नाही.

हेमिंग्रेचा कारखाना बघता येत नाही, तर त्या काळची भट्टी कशी होती ते तरी बघू, म्हणून कोकोमो ओपलेसंट ग्लास. १८८८ पासून हा कारखाना रंगीत काचेचे ताव करतो. रंगीत काचेच्या खिडक्या आणि दिव्यांसाठी गाजलेला टिफनी त्यांचं गिऱ्हाईक होता. आत शिरताना डोळ्यांवर जाड चष्मा दिला आणि पिवळ्या रेषेच्या आत राहा म्हणून सांगितलं. गोल भट्टी, तिच्या भोवतीनं तोंडं, प्रत्येक तोंडामागे मातीचं मोठं भांडं आणि त्यात वेगळा रंग. तापमान हजार अंश सेल्सियसच्या बरंच वर. टेबलाजवळचा माणूस घंटा वाजवतो. लगेच दोघंतिघं लांब दांड्याच्या पळ्या भट्टीत बुडवून वितळलेली काच उचलतात आणि जवळजवळ धावतच आणून लोखंडी टेबलावर ओततात. टेबलावरचा माणूस मोठ्या काट्यानं दोन-तीन फटके मारून रंग एकमेकांत फिरवतो. फार फिरवले तर चिखल, कमी फिरवले तर पट्टे. पुढच्या क्षणी ते रुळांत ओढलं जातं आणि ताव होऊन लांबलचक बोगद्यात सरकतं, हळूहळू गार व्हायला. घाईनं गार केलेली काच आतल्या ताणानं फुटते.

उष्णता अंगावर येत होती तरी आबा रेषेला चिकटून उभे होते. पळी घेऊन धावणाऱ्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. घंटेकडे होतं. "बघ, कुणी कुणाला हाक मारत नाही. आमच्याकडं खांबावर चढल्यावरपण असंच. खालच्यानं ओरडायचं नाही, खूण करायची."

इन्सुलेटर करताना ताव ओढायचा नसतो, इतकाच फरक. एक जण लोखंडी दांड्यावर वितळलेल्या काचेचा गोळा उचलून साच्यावर धरायचा. दुसरा कात्रीनं तो कापायचा आणि दट्ट्या दाबायचा. दट्ट्याच्या टोकाला आटे असलेला लोखंडी गाभा. काच घट्ट झाली की तो गाभा फिरवून बाहेर काढायचा आणि पुढच्या साच्याकडे. असल्या कामांना पोरं लावलेली असायची. छायाचित्रकार लुईस हाइननं ऑगस्ट १९०८ मध्ये इंडियानाच्या काचकारखान्यांत काढलेले रात्रपाळीचे फोटो मी आबांना फोनवर दाखवले. उघड्या दारातून येणारा भट्टीचा उजेड आणि समोर टोप्या घातलेली, सहावी-सातवीत शोभावीत अशी पोरं. त्यांनी फोन बराच वेळ परत दिला नाही.

संध्याकाळी मन्सीत मॅसेडोनिया अव्हेन्यूवर गेलो. हेमिंग्रेचा कारखाना याच रस्त्यावर होता. १९३३ मध्ये तो ओवेन्स-इलिनॉय कंपनीनं घेतला, पण काचेवरचं हेमिंग्रे हे नाव राहू दिलं. १९६७ मध्ये इन्सुलेटर काढणं थांबलं आणि १९७२ मध्ये कारखाना बंद. आम्ही रस्त्यावरूनच फेरी मारली. आत जायचा प्रश्नच नव्हता, दुसऱ्याची जागा आहे. आबांना ओगलेवाडी आठवणं साहजिक होतं. कराडच्या शेजारची, पूर्वी औंध संस्थानातली ओगलेवाडी. ओगले बंधूंचा काचकारखाना, घरोघरी लटकणारा प्रभाकर कंदील. त्यांच्या तरुणपणी त्या भागाची लाइन त्यांच्याकडेच होती. "भोंगा झाला की आम्ही घड्याळं लावायचो," म्हणाले. तो कारखानाही गेला, गावाचं नाव तेवढं राहिलं. इथं मन्सीत तेही नाही. बॉल बंधूंच्या नावाचं अख्खं विद्यापीठ आहे, हेमिंग्रेसाठी मात्र आपणहून शोधत यावं लागतं. मला हे खटकतं. पण बरणी घरात असते आणि इन्सुलेटर खांबावर. माणसं जे हातात धरतात तेच नाव लक्षात ठेवतात, त्याला कोण काय करणार.

शनिवार : डंकर्क आणि एक गोठा

सकाळी डंकर्कचं ग्लास म्युझियम. या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या काचसामानानं भरलेली कपाटंच कपाटं. ज्यांना वाडगे, दिवे, प्याले आवडतात त्यांनी अर्धा दिवस काढावा. आम्ही तासाभरात बाहेर पडलो, कारण मन दुपारच्या भेटीकडे लागलं होतं.

मन्सीपासून गाडीनं थोडं पुढे, मक्याच्या शेतांमध्ये एक गृहस्थ राहतात. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त. माझी त्यांची ओळख एका विक्रीच्या टेबलावर झालेली. त्यांनी जुना गोठा साफ करून भिंतभर फळ्या ठोकल्या आहेत आणि मागून पांढरे दिवे सोडले आहेत. दार उघडून त्यांनी बटण दाबलं आणि आबा "आई गं" म्हणून थबकले ते थबकलेच.

त्यांच्याकडे मांडणी आकारानुसार आहे. एन. आर. वुडवर्ड नावाच्या अभ्यासकानं प्रत्येक आकाराला क्रमांक दिला, त्याला सगळे सीडी नंबर म्हणतात. कारखाना कुठलाही असो, आकार तोच तर नंबर तोच. सीडी १५४ म्हणजे सगळीकडे दिसणारा 'हेमिंग्रे ४२'. सीडी १४५ ला बीहाइव्ह म्हणतात. सीडी २५७ च्या डोक्यावर दोन कान आहेत म्हणून तो मिकी माउस. त्या कानांमध्ये विजेची जाड तार बसायची. आबांनी मिकी माउस हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाले, "हा लाइनमनला आवडला असणार. तार वरून ठेवायची, घसरत नाही."

मग ते खालच्या काठावर अडकले. काही इन्सुलेटरांच्या तळाच्या कडेला बारीक बारीक टोकं असतात. हेमिंग्रेनं २ मे १८९३ ला त्याचं पेटंट घेतलं होतं. पावसाचं पाणी घेरावरून खाली येतं, टोकांशी जमतं आणि थेंब होऊन लगेच गळून पडतं. त्यामुळे आतली बाजू कोरडी राहते. आतली बाजू कोरडी म्हणजे तारेतला प्रवाह ओल्या काचेवरून खुंटीत आणि तिथून खांबात उतरत नाही. सुरुवातीला ही टोकं अणकुचीदार होती. ती हाताळताना तुटायची म्हणून पुढे गोल केली. मी हे इंग्रजीतून मराठीत सांगत होते, तोवर आबांनी बोटानं पाण्याचा मार्ग काढून दाखवला होता आणि ते गृहस्थ मान डोलवत होते. त्यानंतर त्या दोघांना माझी फारशी गरज पडली नाही.

आबांनी त्यांना आपल्याकडच्या पहिल्या पावसाची गोष्ट सांगितली. ती मात्र मला भाषांतर करून द्यावी लागली. मे महिनाभर चिनी मातीचे इन्सुलेटर उन्हात भाजतात. मग वळवाचा पहिला थेंब पडतो. तापलेली चिनी माती तडकते, चीर केसाएवढी, खालून दिसतही नाही. तिच्यात पाणी गेलं की फीडर ट्रिप, म्हणजे सगळी लाइन आपोआप बंद. अकरा केव्हीची लाइन, रात्र, पाऊस, आणि कुठल्या खांबावरचा इन्सुलेटर पंक्चर झालाय ते कळायला मार्ग नाही. एकेक तुकडा तोडून लाइन चार्ज करून बघायची, मग त्या तुकड्यातला एकेक खांब चढायचा. गावातली माणसं तोवर फोन करून शिव्या देतात. "काच असती तर बॅटरीच्या उजेडात चीर दिसली असती," आबा म्हणाले. मोठ्या टॉवरवरच्या कडक केलेल्या काचेच्या डिस्कचं त्यांना म्हणूनच कौतुक. ती फुटली की अर्धवट फुटत नाही, सगळा घेर गळून पडतो, आणि जमिनीवरून दुर्बिणीशिवाय कळतं. गृहस्थ म्हणाले, काच घ्यायचं आणखी एक कारण सांगतात. आत उजेड जातो, त्यामुळे किडे-कोळी घर करत नाहीत. आबांनी हे खिशातल्या डायरीत लिहून घेतलं.

रंगांचा विषय शेवटी निघाला आणि खरं सांगायचं तर मी त्यासाठीच आले होते. फळीवर एका टोकाला निळसर हिरव्या रंगाचे इतके होते की मोजवेनात. हा रंग कुणी घातलेला नाही. वाळूत लोह असतं, त्याचा तो रंग. कारखान्याला रंगाचं काही पडलेलं नव्हतं. खांबावर पंचवीस फूट उंच बसणाऱ्या वस्तूचा रंग कोण बघतंय? रंग घालवायचा असेल तर मँगेनीज घालायचे, आणि तेच मँगेनीज जास्त झालं किंवा काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळी छटा यायची. कोबाल्ट ऑक्साइडनं गडद निळा, लोह-गंधक-कार्बन एकत्र आले की तपकिरी. भट्टीत आदल्या कामाचं काही राहिलं, भंगार काच टाकली, की दुधी पट्टे, तपकिरी भोवरे. आज ज्या तुकड्यांना हजारो डॉलर मिळतात त्यांतले कित्येक कारखान्याच्या दृष्टीनं दुपारपाळीची गडबड होते. मुद्दाम केलेले रंग थोडेच. 'हेमिंग्रे १९' निळा आणि जांभळाही मिळतो. एकाच खांबावरच्या वेगवेगळ्या लाइनी ओळखता याव्यात म्हणून तो तसा केला, असं संग्राहक मानतात. तो गडद निळा त्यांच्याकडे एकच होता, वरच्या फळीवर, मधोमध. आबांना तो दिला तर त्यांनी दोन्ही हातांनी धरला. मला असल्या वस्तूंची भीती वाटते, मी हात मागेच ठेवले.

आणि मग त्यांनी एक जांभळा काढला. भडक, एकसारखा, खिडकीच्या उजेडात वांगी रंगाचा. "हा कसा वाटतो?" मी म्हटलं, अतिशय सुंदर. ते हसले. हा प्रयोगशाळेत किरणोत्सर्गाखाली ठेवून केलेला. उन्हाला अनेक दशकं लागतात ते काम किरणं झटक्यात करतात. मँगेनीजवाली काच जांभळी होते, सेलेनियमवाली तपकिरी. हातात धरायला त्यानं धोका नाही, खिशाला आहे. त्यांनी तो मुद्दाम ठेवलाय, नवीन माणसाला दाखवायला. फरक ओळखायचा कसा, तर आधी तो आकार, त्या कारखान्यानं, त्या रंगात काढल्याची नोंद आहे का ते बघायचं. नसेल तर पैसे खिशात ठेवायचे.

निघताना मी विचारलं, रुळांकडेला अजून कुठे मिळतात का? त्यांचा चेहरा एकदम नोकरीवरचा झाला. रुळांची जागा रेल्वेची, खांब पडलेला असला तरी. लेखी परवानगीशिवाय आत पाऊल टाकणं म्हणजे घुसखोरी, आणि उचललं तर चोरी. शिवाय गाडी येते ती आवाज न करता येते. आबांनी हे इंग्रजीतलं बोलणं न समजताही पूर्ण संमतीनं मान हलवली.

रविवार : स्प्रिंगफिल्डचा बाजार, आणि घर

परतीच्या वाटेवर आय-७० ला स्प्रिंगफिल्ड लागतं. तिथल्या क्लार्क काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. सकाळी गवत ओलं होतं, कॉफीला रांग होती, आणि पहिल्या तीन गल्ल्यांत फक्त खुर्च्या, ट्रॅक्टरचे पार्ट आणि ख्रिसमसचे दिवे. इन्सुलेटर शोधायला ओळी पालथ्या घालायच्या नसतात. उन्हाकडे तोंड करून उभं राहायचं आणि टेबलांवर चमक कुठे दिसते ते बघायचं.

एका टेबलावर दुधाच्या जुन्या क्रेटमध्ये पंधरा-वीस पडले होते, वर कागद : 'प्रत्येकी चार डॉलर'. बहुतेक 'हेमिंग्रे ४२'. शेजारी काचेच्या पेटीत एकच जांभळा, किंमत ऐंशी. कालचा धडा ताजा होता. आकार तोच ४२, रंग तोच भडक, कुठेही कमी-जास्त नाही. विकणाऱ्या बाईंना विचारलं, हा कुठून आला? म्हणाल्या, एका घराच्या विक्रीतून. त्यांना फसवायचं असेल असं वाटलं नाही, बहुधा त्यांनाही कुणीतरी तसाच विकला असावा. मी धन्यवाद म्हणून पेटीपासून सरकले.

आबा क्रेटपाशी उकिडवे बसून एकेक पुसत होते. मी त्यांना खालच्या बाजूची खूण दाखवली. १९३० च्या दशकापासून हेमिंग्रेनं साच्यावर आकडे टाकायला सुरुवात केली : आधी साच्याचा नंबर, मग आडवी रेघ, मग वर्ष. तोच साचा पुढच्या वर्षी वापरला की शेजारी एक ठिपका वाढवायचा. त्यांच्या हातातल्यावर होतं २३-४१ आणि पुढे तीन ठिपके. म्हणजे साचा १९४१ चा, इन्सुलेटर १९४४ चा. बस्स, आबांना छंद लागला. क्रेट रिकामी केली, सगळे वर्षाप्रमाणे ओळीत मांडले, ठिपके मोजून मोजून. बाई कौतुकानं बघत होत्या आणि इतर गिऱ्हाईकं वाट बघत होती. रंगाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. बिनरंगाचे, फिके निळसर, काय असेल ते. त्यांना हवा होता त्यांच्या जन्मवर्षाचा, १९४९ चा. मिळाला. कडेला नखाएवढा तुकडा उडालेला. मी म्हटलं, आबा, हा फुटका आहे, संग्रहात याला किंमत नाही. "लाइनवर राहिलाय ना, मग उडणारच. माझेपण दोन दात गेलेत," म्हणाले, आणि चार डॉलर स्वतःच्या पाकिटातून काढले. मी माझ्यासाठी एक निळसर हिरवा घेतला, गोल टोकांचा, आत साखरेएवढे बुडबुडे असलेला. बाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळताना दोन्हींचे सहा डॉलर घ्यायची तयारी दाखवली, पण आबांनी आधीच आठ मोजून दिले होते.

घरी आल्यावर धुण्याचा कार्यक्रम. जुन्या इन्सुलेटरवर रेल्वेच्या धुराची काळी पुटं बसलेली असतात, साध्या साबणाला दाद देत नाहीत. संग्राहक पाण्यात ऑक्झॅलिक ॲसिड घालून त्यात बुडवून ठेवतात, हातमोजे घालून, पोरंबाळं आणि स्वयंपाकाची भांडी लांब ठेवून. मी गराजमध्ये बादली काढली. आबांनी आपला १९४९ वाला बादलीत घालू दिला नाही. त्यांचं म्हणणं, काजळी लाइनची आहे, ती राहू दे. बॅगेत घालताना मात्र आईनं विणलेल्या स्वेटरमध्ये गुंडाळला, आणि विमानतळावर हा काय ठोकळा म्हणून विचारलं तर काय सांगायचं ते इंग्रजीतून माझ्याकडून पाठ करून घेतलं.

रात्री त्यांचा कराडला फोन चालू होता, त्यांच्या जुन्या जोडीदाराशी. तिकडे सकाळ झालेली. मी भांडी लावता लावता ऐकत होते. "अरे, त्या आपल्या स्टोअरच्या मागं जुने शॅकल इन्सुलेटर पडलेत बघ, चिनी मातीचे, तपकिरी. साहेबाला विचार, भंगाराचा लिलाव कधी निघणार आहे. नाही, नाही, उचलून नको आणू, पावती पाहिजे. आणि हे बघ, खालून काही नंबर असतो का त्यावर, चष्मा लावून नीट बघ."